धम्मपाल काकांचं लॉगिन

भूमच्या त्या कॉलेजात धम्मपाल ओव्हाळ प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागले त्याला बावीस वर्षं झाली. इमारतीतली नेटवर्कची एकूण एक वायर त्यांनीच ओढलेली. सगळ्या वायरी जिथं एकत्र येतात तो स्विच नावाचा डबा एका कपाटात, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. स्विचच्या सेटिंगच्या आत शिरायला मात्र सगळ्यांना मिळून एकच नाव, 'अ‍ॅडमिन', आणि पासवर्ड कपाटाच्या दारालाच चिकटवलेला! शिकल्यासवरलेल्यांचा कारभार, दुसरं काय.

गेल्या मार्चात ऑनलाइन परीक्षा चालू असताना कुणीतरी स्विचमध्ये नको ते बंद केलं आणि दीडशे मुलांच्या स्क्रीन जागच्या जागी अडकल्या. नोंदीत नुसतं 'अ‍ॅडमिन'. किल्ली धम्मपालांकडे, म्हणून संशयही त्यांच्यावर. तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण ते स्टाफरूममध्ये शिरले की बोलणं थांबायचं. ते त्यांना फार लागलं होतं.

परवा धाराशिवहून संस्थेची इंजिनियर गौरी आली. आता ज्याचं त्याचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि खात्री करणार धाराशिवचा सर्व्हर.

"म्हणजे आमच्यावर पाळत!" स्टाफरूममधले बब्रुवान सर तडकले.

"ताई, माझं नाव पहिलं घाला," धम्मपाल म्हणाले. सगळे बघतच राहिले.

गौरीनं स्विचला सर्व्हरचा पत्ता दिला, स्विच आणि सर्व्हर दोघांनाच ठाऊक असा एक गुप्त शब्द दिला. स्क्रीनवरच्या ज्या खिडकीतून ती आत होती ती तशीच ठेवून तिनं दुसरी उघडली. "ही चालल्याशिवाय पहिली बंद करायची नाही, काका. चुकलं तर आपणच बाहेर."

धम्मपालांनी एका बोटानं नाव टाइप केलं, पासवर्ड टाकला. डोळ्याचं पातं लवायच्या आत दार उघडलं. ज्या धाराशिवला जायला एसटीत अंग आंबून जातं, तिथं विचारून हा डबा परतसुद्धा आला होता! काका डब्याजवळ वाकले.

"आन् तिकडची लाइनच गेली तर?"

"उत्तरच आलं नाही, तर स्विच स्वतःजवळचं एक राखीव नाव चालवून घेतो. पण सर्व्हर 'नाही' म्हणाला, तर नाहीच."

"गप बसनं येगळं आन् न्हाय म्हननं येगळं, हे ह्याला कळतं?" काका थक्क होऊन त्या डब्याकडे बघत राहिले. माणसांतसुद्धा हे किती जणांना कळतं!

गौरीनं सर्व्हरवरची नोंद दाखवली. धम्मपाल ओव्हाळ, तारीख, वेळ. काकांनी ती ओळ दोनदा वाचली.

"ताई, म्या आत गेलोच न्हाय, तर माझं नाव न्हाय, हे बी दिसंल ना?"

"दिसेल की, काका."

काका खुर्चीवरून उठले आणि ती त्यांनी बब्रुवान सरांकडे सरकवली.

"या सर, आता तुमचं नाव घाला."