बाहुल्या मांडल्या नाहीत

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

म्हैसूरच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. बारावीच्या मुलींना एक जुनी, नावाजलेली कादंबरी आहे. श्रीमंत घरातल्या एका शिष्ट मुलाची घोडे सांभाळणाऱ्याच्या मुलाशी मैत्री होते, आणि त्या मैत्रीतून तो हळूहळू माणसात येतो. एकदा चारचौघांत तो मित्राला ओळख दाखवत नाही. मग त्याच्या दारात जाऊन माफी मागतो. हा भाग आला की मी पुस्तक मिटते आणि माझी गोष्ट सांगते. मलाही अशी मैत्रीण होती, मीही तिला एकदा दारातून परत पाठवलं, पण लगेच उमजलं, आणि मी बस स्टँडपर्यंत धावत जाऊन तिची माफी मागितली. मुलींचे डोळे भरतात. एका वर्षी तर दोघी, महिनोन्‌महिने न बोलणाऱ्या, तास संपल्यावर हातात हात घालून बाहेर पडल्या.

दारातून परत पाठवलं, एवढं खरं आहे. धावले मात्र नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान — पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

तिचं नाव महादेवी. सरगूरकडची. बेळगोळच्या कारखान्यात तिचा मामा होता, त्याच्याकडे राहून शिकायची. नववीत ती माझ्या बाकावर आली. मी तेव्हा फार फणकारी होते, साधं खोडरबर मागितलं तरी तोंड फिरवायची. ती न मागता आपलं पुढे करायची. वर्षभरात मी डबा वाटून खायला शिकले, दुसऱ्याचं ऐकून घ्यायला शिकले. हे सगळं तिचं देणं. हीच कादंबरी तेव्हा आम्हाला संक्षिप्त करून अभ्यासाला होती. तो शिष्ट मुलगा म्हणजे तू, असं ती हसत म्हणायची, आणि मला रागही यायचा नाही.

आमचं घर चार पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून इथे आलेलं. त्यामुळे दसऱ्याला आम्हीही इथल्यासारख्या पायऱ्या लावून बाहुल्या मांडतो. दहावीच्या वर्षी आमचं ठरलं होतं, खालच्या पायरीवर कादंबरीतले दोन मित्र ठेवायचे. सुट्टीत गावी जाऊन तळ्याच्या मातीचे ती करून आणणार होती.

आणि आणले तिने. त्याच दुपारी आमच्या हॉलमध्ये गल्लीत नव्याने आलेल्या पुण्याच्या मुली बसल्या होत्या. माझ्याच वर्गातल्या. स्वच्छ मराठी, इस्त्रीचे फ्रॉक. आमच्या कन्नड मिसळलेल्या बोलण्याला त्या हसायच्या, आणि मी त्यांच्यापुढे जपून बोलायची. त्यांनी मला आपल्यात घ्यावं, यासाठी मी तेव्हा काय वाटेल ते केलं असतं. — केलंच की.

दार वाजलं. बाहेर महादेवी. बसच्या धुळीने केस पांढरे, परकराच्या काठाला चिखल, छातीशी वर्तमानपत्राचं पुडकं. मी बाहेर होऊन पाठीमागे दार ओढून घेतलं.

"या वर्षी मांडल्या नाहीत," मी म्हणाले.

इथली रीत सांगायला हवी. म्हैसुरात बाहुल्या बघायला आलेल्या पोरीला कुणी दारातून परत पाठवत नाही, मग ती कुणाची का असेना. मांडायच्याच राहतात त्या घरात कुणी गेलं असेल तरच. हे मला तोंडातून शब्द गेल्यावर आठवलं. तिला लगेच कळलं. तिचा चेहराच उतरला.

"यारु होदरु?" तिने हळूच विचारलं. कोण गेलं?

तेव्हा तरी खरं बोलता आलं नसतं का? मी म्हणाले, हुबळीची काकू. काकू तेव्हा आत खाऊच्या पुड्या बांधत होती. महादेवीने माझ्या दंडावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला. मग पुडकं घेऊन ती परत फिरली. मी कडी लावली. आईने विचारलं कोण होतं. मी म्हटलं, कोणी नाही.

इथवरच असतं तर कदाचित मी तुम्हाला सांगितलंही असतं यापूर्वी.

शाळा उघडली त्या दिवशी माझ्याआधी पोचून तिने मिसना सांगून ठेवलं होतं — हिच्या घरी वाईट झालंय, अभ्यास झाला नसेल, रागावू नका. मिस मला जवळ घेऊन समजावू लागल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून पुण्याच्या एकीचा आवाज आला, "पण मिस, आम्ही सुट्टीत हिच्याकडे बाहुल्या बघून आलो. हिच्या हुबळीच्या काकूंनीच खाऊ दिला."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. महादेवीही. तिला त्या क्षणी सगळं कळलं, हे मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. मग तीच उभी राहिली.

"तप्पु नंदे, मिस," ती म्हणाली. चूक माझीच.

तास संपेपर्यंत ती वर्गाबाहेर उभी होती. दहावी संपेपर्यंत मुली तिला खोटारडी म्हणत राहिल्या. मी मूग गिळून बसले. त्या दिवशी, आणि नंतरही. ती माझ्याशी बोलायची, आधीसारखंच खोडरबर पुढे करायची. मी घ्यायचीही. मग ती गावी गेली, ती गेलीच.

या वर्षी मी पुन्हा ती गोष्ट सांगितली. दोन दिवसांनी स्पंदना नावाची, हॉस्टेलवर राहणारी मुलगी तासानंतर टेबलापाशी आली. फोनवर तिने ती गोष्ट आईला सांगितली होती. आई म्हणाली होती, दारातून परत गेलेली ती मैत्रीण मीच.

आता सगळं बाहेर येणार. आणि खरं सांगते, क्षणभर बरंसुद्धा वाटलं.

"अम्मा म्हणाली, तुम्ही खरंच धावत आला होता, मॅडम," स्पंदना म्हणाली. "बस सुटत होती, तरी चढलात आणि तिचा हात धरलात."

बसमध्ये चढल्याचं मी कधीच सांगितलं नव्हतं. ते महादेवीने आपल्या पदरचं घातलं होतं.

मुलगी माझ्याकडे बघत उभी होती. वर्ग रिकामा होता. तिथे लाज वाटावी असं दुसरं कुणीही नव्हतं.

मी म्हणाले, "हो. धरला होता."