मरळ निघाली विशाखापट्टणमला

साऱ्या गोंदिया जिल्ह्यात समुद्राला भिणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमचा व्याही निघाला! उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही, पण वैर असं की अर्जुनीच्या बाजारात सुकट दिसली तरी वाट बदलायचे. कुठंतरी वाचलं होतं म्हणे, कारखान्यांचा पारा समुद्रात जातो, तो लहान माशात जातो, लहान्याला मोठा गिळतो, आणि मोठ्याच्या अंगात पारा साठतच राहतो. लग्नाच्या पंगतीत पानावर वांग्याची भाजी, आणि हे शेजाऱ्याला सांगून राहिले, "पोटातल्या लेकराच्या मेंदूले लागते गा तो!" शेजारी बिचारा वांगंही टाकून उठायचा.

हसायचो आम्ही. पण त्यांची लेक, म्हणजे माझी सून, राहायची विशाखापट्टणमला. माझा मुलगा तिथं बंदरावर नोकरीला. दोनदा दिवस राहून वाया गेलेले, आता तिसरी खेप. तिथल्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं, मोठे मासे नको, लहान चालतील. व्याह्यांनी अर्धंच ऐकलं. दुधाच्या कॅनमध्ये आपल्या बोडीतली, म्हणजे शेताजवळच्या तळ्यातली, जिवंत मरळ मासोळी घेतली आणि बसले गाडीत. रायपूरच्या पुढं मरळ उडाली ती थेट टीसीच्या बुटावर. तो ओरडला, "ये क्या है?" हे म्हणतात, "बेटी का खाना है साहब. सीट नहीं मांगती."

पुढच्या महिन्यात ते पुन्हा कॅन भरत होते, तेव्हा मी बोडीवर होते. पाहते तर काठाशी व्याह्यांचा फवारणीचा पंप. धानावर तुडतुड्याचं औषध मारून तिथंच खळबळलेला. पाण्यावर पांढरी साय.

"काऊन व्याहीबुवा, जहर समुद्रात, आन् हे काय हाय? लोणी?"

व्याह्यांनी हळूच कॅन उपडा केला. मग म्हणाले, "इहीनबाई, मागची तिनं खाल्ली ना वो."

नात होईतोवर या माणसानं मासोळीला हात लावला नाही. झाली ती ठणठणीत. आवाज तर आजोबाचाच! तेव्हापासून कोणी बोडीत पंप धुताना दिसला की हे काठी घेऊन धावायचे. "हे पाणी वैनगंगेत जाते, मग गोदावरीत, मग माह्या नातीच्या समुद्रात! कायले जहर धाडून राहिला बे?"

आता व्याही नाहीत. परवा नातीचा फोन आला, किनाऱ्यावरून. "आजी, आबांच्या बोडीचं पाणी इथं येतं का गं?"

"येते ना बाई," म्हटलं. "आबा असते तर आधी चाखून धाडलं असतं."