तांबड्या मातीची परीक्षा

ओबाता शिझुए सकाळी देवळाचं दार उघडते तेव्हा आधी बुद्धाकडे बघते की समोरच्या माझ्या दुकानाकडे, हे सांगणं कठीण आहे. मी मोची, म्हणजे चिकट तांदळाच्या वड्या, भाजून विकते. तिला वाटतं, कालच्या उरलेल्या विकते. एकवीस वर्षांचा शेजार, तरी हातात घेतलेली प्रत्येक मोची ती आधी हुंगते.

देवळामागच्या डोंगरावर पडका गड आहे. दगडी तटाशिवाय वर काही उरलेलं नाही. गडोगडचे शिक्के जमवणारे हा गड बघून आले की त्यांच्या वहीत कुंच्याने गडाचं नाव लिहून लाल शिक्का उठवायचं काम शिझुएचं. अक्षर असं की बघत राहावं. पण एका महाभागाने न चढताच अकरा शिक्के नेले आणि इंटरनेटवर विकले. तेव्हापासून तिने स्वतःची एक परीक्षा काढली. बालेकिल्ल्याच्या वाटेवर तांबडी चिकट माती आहे. ती बुटाला दिसली तर शिक्का, नाहीतर नमस्कार. हे गुपित फक्त मला ठाऊक होतं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी मिनेगिशी नावाचे सत्तरीचे गृहस्थ आले. अंगात काळा कोट. त्यांनी दोन्ही हातांनी वही पुढे केली.

"माझ्या बायकोची आहे. शेवटचं एकच पान राहिलंय. उद्या दहा वाजता तिच्याबरोबर शवपेटीत ठेवायचीय."

शिझुएने खाली पाहिलं. बूट लख्ख.

"गडावर जाऊन आलात?"

"हो."

"मग पुन्हा एकदा जाऊन या."

दुसरा कोणी असता तर भांडला असता. हे वाकले, "माझंच काही पाहायचं राहिलं असेल, माफ करा," म्हणाले आणि वळले.

"बायको मेल्याची ही यंदाची तिसरी गोष्ट," शिझुए मला म्हणाली. "मागच्याची बायको तर पुढच्याच महिन्यात त्याच्याबरोबर इथे आली होती!"

"अगं, पण काळा कोट घातलाय त्यांनी."

"कोट काय, भाड्यानेही मिळतो."

मला ते पटलं, हे कबूल करते. दीड-दोन तासांनी ते परत आले. चेहरा घामाने डबडबलेला, श्वास लागलेला, आणि बूट पुन्हा लख्ख. झाडीआड चार उड्या मारून कोणालाही घाम आणता येईल, असंच मलाही वाटलं.

"माफ करा, आज शिक्का मिळायचा नाही," शिझुए म्हणाली.

ते आणखी खाली वाकले. वही रुमालात गुंडाळली आणि शेवटच्या बससाठी थांब्याकडे निघाले.

मी किटली भरायला दुकानामागच्या नळाशी गेले. मोरी सगळी तांबडी झालेली. कठड्यावर एक संत्रं, त्याखाली चिठ्ठी: "आपला नळ न विचारता दोनदा वापरला. माखलेल्या बुटांनी देवळात जाणं बरं दिसलं नसतं. क्षमस्व. मिनेगिशी."

मी चिठ्ठी शिझुएला दिली. तिने तीसुद्धा हुंगली. मग मोरीपाशी येऊन बोटाने माती उचलली आणि तिचा चेहरा पडला. मला तिची कीव आली आणि माझी लाज वाटली.

अडुसष्ट वर्षांची बाई देवळातल्या सपाता घालून, शाई आणि शिक्का घेऊन धावत सुटली. बस आली होती. "थांबा हो!" मी ड्रायव्हरवर ओरडले. शिझुएने बाकड्यापुढे गुडघे टेकून शेवटचं पान लिहिलं आणि शिक्का उठवला. धावत आली होती, तरी अक्षर हललं नाही.

"दोनदा चढायला लावलं मी तुम्हाला," ती मान खाली घालून म्हणाली.

"बरंच झालं," मिनेगिशी म्हणाले. "पहिल्या वेळी घाईत तिचा फोटो खिशातून काढून तिला गड दाखवायचाच राहिला होता."

दुसऱ्या दिवशी शिझुएने देवळाच्या पायरीशी पाण्याची बादली, ब्रश आणि जुना टॉवेल ठेवला. आता येणाऱ्या सगळ्यांचेच बूट स्वच्छ असतात. वर कोण गेलं आणि कोण नाही, हे तिला कळायला मार्ग नाही. तरी ती आधी खालीच बघते, आणि मग काही न विचारता कुंचा उचलते. तिला ते किती जड जातं, ते मी समोरून रोज बघते.