शेलार सरांच्या रेकॉर्डवरचं तेरावं वादन

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर निम्मे पटत नाहीत. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता... आजही नाही. लहानपणी गावी, वळसंगला असताना, शाळेच्या वाटेवरच्या चिंचेखालून पोरं पळत जायची, तिथे मी मुद्दाम हळू चालायचो. तरी हे एक लिहितो. यात कुणी घाबरलं नाही, कुणाचं वाईट झालं नाही.

साल ७४ किंवा ७५. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका ऑफिसात मी कारकून होतो आणि पूर्व भागात एका विणकराच्या घरी खोली घेऊन राहत होतो. आमच्या घरात मी पहिला ग्रॅज्युएट, तो केवळ शेलार सरांमुळे. इंग्रजीत दोनदा नापास झालो, तेव्हा त्यांनी रोज सकाळी सहाला घरी बोलावून शिकवलं — वर चहा-पाव.

सर निवृत्त झाले आणि दोन वर्षांत त्यांचे कान पार गेले. आपण पाटीवर लिहायचं, ते तोंडी उत्तर द्यायचे. एका रविवारी त्यांनी आपला रेकॉर्ड प्लेअर आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली एक रेकॉर्ड माझ्या हातात ठेवली.

"अमेरिकेतला जॅझ पियानोवाला आहे. त्याची निवडक वादनं एकत्र केलीत. ओळख व्हायला चांगली. तू ऐक, आणि काय ऐकलंस ते मला लिहून दे. कानांचं जाऊ दे रे... आता आठवणीतलेही सूर पुसट होत चाललेत."

मी पाटीवर लिहिलं, 'सर, मला यातलं काही कळत नाही.'

"म्हणूनच तुला सांगतोय. जाणकार नावं सांगतो. तू आवाज सांग." रेकॉर्डचं कव्हर त्यांनी स्वतःकडेच ठेवलं.

मी आपला परीक्षेला बसल्यासारखा बसलो. नवी वही, समास आखलेला, प्रत्येक वादनाला क्रमांक. पडवीत घरमालकीण लक्ष्मीअक्का रहाटावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत होत्या.

"काय रे, बी.ए. झालास की! आता कसला पेपर?"

"सरांचा."

"मग मोट्यानं लाव. मला बी ऐकू दे."

अक्कांनी गंमत म्हणून एका वादनाला एक कांडी असा हिशोब धरला. वादन संपलं की कांडी टोपलीत. मी लिहीत होतो: '४ — बैलाच्या घुंगुरमाळेसारखं, पण बैल उधळलाय.' '९ — दोघं भांडतात, मग हसतात.' शेवटचं असं: '१३ — सगळ्यांत संथ. मधेच एक सूर उमटत नाही, तिथे नुसतं लाकडावर टक् होतं. दर वेळी त्याच जागी.'

"धागा तुटल्यावानी वाजतंय," अक्का म्हणाल्या. "पन गडी थांबत न्हाय बग." मग टोपली मोजली. "तेरा झाल्या."

पुढच्या रविवारी वही सरांना दिली. एकेक नोंद वाचून ते कव्हरवरच्या यादीत पेन्सिलीने खूण करत होते, हसत होते. चौथ्या नोंदीला तर "अगदी बरोबर!" म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली. बारावी खूण झाली. पान उलटलं... आणि ते थांबले.

"हे कुठलं? रेकॉर्डवर बाराच आहेत."

माझे कान तापले. वाटलं, सरांना वाटणार, पोराने मनानेच लिहून फसवलं. पण ते रागावले नाहीत. ती नोंद त्यांनी तीनदा वाचली.

मग हळूहळू सांगितलं. लग्नानंतर ते मिशनच्या शाळेत होते. तिथल्या हॉलमधल्या पियानोची एक पट्टी मेलेली होती — दाबली की फक्त टक्. शाळा सुटल्यावर शांताबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, तिथे येऊन बसायच्या. त्यांच्यासाठी सरांनी त्याच पियानोवर स्वतः एक चाल बांधली होती. बाई गेल्यावर त्यांनी ती कधी वाजवली नाही. पियानोचं केव्हाच सरपण झालं. रेकॉर्ड तर सोडाच, कागदावरसुद्धा ती चाल नव्हती.

बोलता बोलता त्यांची बोटं टेबलावर चालू लागली. नुसता ठेका, सूर कुठला! पण मी ओळखला. एका जागी मीच न राहवून टेबलावर टक् केलं. सरांनी चमकून वर पाहिलं. त्यांची बोटंही नेमकी तिथेच होती.

घरी जाऊन रेकॉर्ड पुन्हा लावली. दोन्ही बाजू मिळून बारा. पुन्हा लावली. बाराच.

"अक्का, त्या दिवशी किती भरल्या होत्या?"

"तेरा. मी काय खोटं मोजते व्हय? आनि त्ये टक्‌वालं कुटं गेलं? त्येच लाव की!"

त्यानंतर कितीतरी वर्षं मी सरांसाठी नवनव्या रेकॉर्डी ऐकून वह्या भरल्या. कशावरही जास्तीचं काही निघालं नाही. मी नीट विचार करून पाहिला, जाणत्यांना विचारलं. आजपर्यंत उत्तर नाही.

सरांनाही एकदा पाटीवर लिहून विचारलं होतं, 'अक्कांनीही तेरा मोजली. हे कसं झालं असेल?' त्यांनी तळहाताने पाटी पुसली.

"वाटत होतं, ती चाल माझ्याबरोबरच जाणार. आता तुम्ही दोघांनी ऐकलीय. पुरे झालं की."