भात्यापलीकडची मुलगी

पेटीमास्तर आयुष्यभर दुसऱ्याच्या मागून वाजवत आले आणि त्यात त्यांना कधी काही कमी वाटलं नाही. गायकाने सूर लावला की तो बोटांनी अलगद उचलायचा, गायक कुठे अडला तर पुढचा सूर हळूच त्याच्या कानाशी ठेवायचा आणि टाळ्या पडल्या की मान खाली घालून पट्ट्या पुसत बसायचं. घरातल्या जुन्या फोटोंत मास्तर शोधायचे तर कडेला बघावं लागे. कुठे अर्धा कान, कुठे नुसता गुडघा. काकू पाहुण्यांना फोटो दाखवताना म्हणायच्या, "हा बघा गुडघा. याच्याशी माझं लग्न झालंय."

मग एके सकाळी दाढी करताना मास्तरांचा डावा हात खाली आला तो पुन्हा वर गेलाच नाही. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. तोंड वाकडं झालं नाही, चालता येत होतं, उजवा हात ठणठणीत होता. पण पेटी दोन हातांची. उजव्याने पट्ट्या दाबायच्या आणि डाव्याने मागचा भाता ओढायचा. भात्यातून हवा गेली नाही तर पट्ट्या दाबून नुसता खटखट आवाज येतो. काकूंनी दोन दिवस समोर बसून भाता ओढून पाहिला. तिसऱ्या दिवशी खांदा धरून उठल्या. "मला जमायचं नाही हो. आणि तुम्ही वाजवताना माझ्याकडे असे बघता, जसं काही मीच बेसूर आहे."

पेटीवर चादर पडली. चादरीवर औषधांच्या बाटल्या आल्या. मास्तर खिडकीत बसू लागले.

वरच्या मजल्यावर एक मुलगी ड्रम वाजवायची. दिवसा चपलांच्या दुकानात काम आणि संध्याकाळी हे. मास्तरांनी तिचं नाव 'हातोडी' ठेवलं होतं. दोन वर्षं जिन्यात समोर आली की ते कपाळाला आठ्या घालून बाजूला होत. आजारपणाचं कळलं तशी ती स्वतःच खाली आली, दारातच उभी राहिली.

"काका, माझ्या वाजवण्याचा त्रास होत असेल तर सांगा. बंद ठेवते काही दिवस."

"वाजवण्याचा नाही होत," मास्तर म्हणाले. "पळण्याचा होतो."

"पळण्याचा?"

"ताल बदलायची वेळ आली की तू पळत सुटतेस. बस चुकल्यासारखी."

पोरगी लालबुंद झाली. काकू आतून ओरडल्या, "अहो, विचारपूस करायला आलीये ती!" पण दुसऱ्या दिवशी मुलगी पुन्हा हजर. "कुठे पळते ते दाखवा."

"दाखवू कसं? हात गेलाय माझा."

तिने खोलीत नजर फिरवली, बाटल्या उचलून खिडकीत ठेवल्या, चादर काढली आणि पेटीच्या पलीकडे मांडी घालून बसली. "हा ओढायचा ना? ओढते मी. तुम्ही वाजवा."

आणि तिने भाता ओढला. ड्रमवालीच ती, प्रत्येक ठोक्याला एक हिसका. पेटी अशी काही बोलू लागली की जणू तिला उचकी लागली होती. हूं-हूं-हूं-हूं! मास्तरांचा उजवा हात पट्ट्यांवरच थांबला आणि ते हसायला लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. काकू लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. आजारानंतर ते पहिल्यांदा हसत होते.

"अगं, भाता बडवायचा नसतो," मास्तर म्हणाले. "झोपलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण ओढतात तसा ओढायचा. त्याला कळता कामा नये."

तिला ते जमायला फार दिवस लागले. दुकानातून थेट यायची, दमलेली असायची, कधी भाता अर्ध्यात रिकामा करायची, कधी असा फुगवायची की सूर किंचाळायचे. मास्तर चिडायचे. ती उलट बोलायची. पण हळूहळू तिचं लक्ष स्वतःच्या हातावरून उठून मास्तरांच्या बोटांवर आलं आणि तिथून त्यांच्या खांद्यावर. पुढचा सूर लांबवायचा असला की तो खांदा किंचित वर जाई. हे मास्तरांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. वर तिच्या ड्रमचं पळणंही थांबलं. जिन्यातले लोक विचारू लागले, नवीन कोणी वाजवतं का?

एके दिवशी तिने मध्येच भाता सोडला. "मास्तर, तुम्ही कायम उशिरा का येता?"

"उशिरा नाही. मागून. गायकाच्या मागून यायचं असतं."

"पण इथे कोणी गातच नाहीये!"

मास्तरांनी तिला पुन्हा भाता धरायची खूण केली. विषय बदलावा म्हणून त्यांनी एक धून वाजवली. कार्यक्रमाआधी, गायकाचा चहा होईपर्यंत, हात मोकळा करायला ते नेहमी वाजवत ती.

"ही कुणाची?"

"कुणाची नाही. अशीच आहे."

"म्हणजे तुमची."

"छे!" मास्तर म्हणाले, पण कान लाल झाले.

पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या सभागृहात तिचा आणि तिच्या गिटारवाल्या मित्राचा कार्यक्रम होता. तिने परस्पर ठरवून टाकलं: सुरुवात मास्तरांच्या धुनेने. फक्त पेटी, बाकी काही नाही. मास्तरांनी हात गेल्याचं कारण दिलं, मग वयाचं, मग थंडीचं. खरं कारण त्यांनी काकूंनाच सांगितलं. "समोर कोणी सुरुवात करणारं नसलं तर माझं बोट पडत नाही गं. तिथे बसून राहीन मी. लोकांसमोर."

"मग बसा," काकू म्हणाल्या. "इथेही बसूनच असता. तिथे निदान इस्त्रीच्या सदऱ्यात बसाल."

तालमीत त्यावर तोडगा निघाला. मुलगी हनुवटीने तीन मोजायची, चौथ्याला मास्तर वाजवायचे. असं बिनबोभाट जमत होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. मुलीने भात्यात हवा भरली. मास्तरांनी पट्टीवर बोट ठेवलं आणि तिच्या हनुवटीकडे पाहिलं. हनुवटी छातीला टेकलेली. ती वर बघेचना. कोणीतरी खोकलं. खुर्ची करकरली. मास्तरांनी पुन्हा पाहिलं. काहीच नाही. आता भात्यातली हवा हळूहळू निसटायला लागली होती; ती गेली की गेलंच सगळं.

मास्तरांनी बोट दाबलं.

सूर बाहेर पडला, एकटा, कुणाच्याही मागून न आलेला. त्याला धरून दुसरा आला. धून नेहमीच्या वळणावर पोचली, आणि तिथे का कोण जाणे, मास्तर वळलेच नाहीत. सरळ पुढे गेले, तालमीत कधी न गेलेल्या वाटेने. मुलीची मान झटकन वर आली. तिने त्यांचा खांदा पाहिला आणि भाता लांबवला. अर्धा श्वास उशिरा, पण आली. मास्तर जिथे जिथे गेले तिथे तिथे ती अर्धा श्वास मागून येत राहिली आणि कुठेही हवा कमी पडली नाही.

टाळ्या पडल्या तेव्हा मास्तरांना कुठे बघावं कळेना. मान खाली घातली, मग आठवून वर केली.

परतताना गिटारवाल्याच्या मोटारीत मागच्या सीटवर मुलगी डाव्या मनगटाला फुंकर घालत होती.

"मोजलं का नाहीस?" मास्तरांनी विचारलं. "मला धडा द्यायला?"

"कसला धडा! घाबरले होते, मास्तर. एवढी माणसं बघून मानच वर होईना."

पुढे बसलेल्या काकूंना हसू आवरेना. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी तिचं दुखरं मनगट आपल्या उजव्या हातात घेतलं आणि अंगठ्याने हळूहळू दाबू लागले.

"इतकी वर्षं मी लोकांच्या मागे बसलो," ते म्हणाले. "आपल्या मागे कोणी असलं की कसं वाटतं, ते मला ठाऊकच नव्हतं."

"कसं वाटतं?"

"थंडीत पाठीवर ऊन आल्यासारखं. माझे गायक सगळे हे ऊन खात बसले होते, आणि एकाही गाढवाने मला सांगितलं नाही."

"तुम्ही सांगताय ना मला," ती म्हणाली.

"हो. म्हणून तर सांगतोय," मास्तर म्हणाले, आणि घर येईपर्यंत तिचं मनगट त्यांनी सोडलं नाही.