शटरच्या टीव्हीतली हवा

हवेची काळजी वाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाकीचे आपण सगळे हवा नुसती आत घेतो आणि बाहेर सोडतो. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका तिची विचारपूस करायचे. कापडगिरणीत हवेतला ओलावा राखायचं काम त्यांनी बावीस वर्षं केलं होतं. हवा कोरडी पडली की सूत तुटतं, हे सत्य त्यांनी माणसांनाही लावलं होतं. माझं आणि बायकोचं वाजलं की ते खाली येऊन भिंतीला तळवा लावत आणि गंभीरपणे सांगत, "सूनबाई, खोली कोरडी झालीय. दाराला ओली चादर लावा." भांडण थांबायचं खरं, कारण चादर पिळायला दुसरं टोक मलाच धरावं लागायचं.

संपानंतर गिरणी गेली आणि काकांना सांभाळायला हवाच उरली नाही. अशात बोटीवर नोकरीला असलेल्या त्यांच्या पुतण्याने आफ्रिकेतून हातभर लांबीचा एक अजगर आणला. घाबरला की हा डोकं आत घालून चेंडूसारखा गोल व्हायचा. काकूंनी एवढंच म्हटलं, "माझ्या स्वयंपाकघरात नको हो." मग काकांनी जुना शटरचा टीव्ही आतून रिकामा केला. एका टोकाला जाळीआड चाळीसचा बल्ब, तिथे बत्तीस अंश. दुसरं टोक गार. मध्ये ओलं गोणपाट. "कुठे बसायचं ते त्याचं तो ठरवेल, आपण दोन्ही सोयी ठेवायच्या." बल्ब आणायला ते उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जात. दुकानदार विचारायचा, "काका, मुर्गी पाली है क्या?" "नहीं साईं, मेहमान है. ठंड सहन नहीं होती." एका रविवारी सिनेमा बघायला आलेल्या व्याह्यांनी आपणहून शटर सरकवलं, आणि त्यानंतर काकांकडे माणसांची ये-जा जरा कमी झाली.

एका जानेवारीत काकांची बहीण गावी आजारी पडली आणि काका-काकू दोघंही तिकडे निघाले. अजगराचे डोळे तेव्हा दुधाळ झाले होते. "कात टाकणार आहे," किल्ली देताना काका म्हणाले. "ओलावा सत्तरच्या खाली जाऊ देऊ नकोस. कात सुकली तर डोळ्यावरची तशीच चिकटून राहते. पोर आंधळं होईल." सोबत गिरणीतली फळी होती. तिच्यावर दोन तापमापक. एकाच्या टोकाला वात, वातीचं शेपूट पाण्याच्या वाटीत. दोघांतला फरक जास्त तेवढी हवा कोरडी, फरक शून्य म्हणजे ओलावा शंभर टक्के. फरकावरून टक्के काढायचा तक्ता फळीवरच चिकटवलेला. मी पदवीधर. मला एकदा सांगितलं की पुरे.

तिसऱ्या दिवशी दोन्ही पारे एका रेघेवर! तक्ता म्हणाला, शंभर. अजगर बुडतोय, या भीतीने मी गोणपाट बाहेर काढलं, दुसरा बल्ब लावला. दुसऱ्या दिवशीही शंभरच. मी पुठ्ठ्याने वारासुद्धा घातला.

काका आले. त्यांनी तक्त्याकडे पाहिलंही नाही, वातीला बोट लावलं. वात कडकडीत होती. वाटीतलं पाणी कधीच आटलं होतं. ओला तापमापक सुकाच झाला होता, मग फरक कुठून पडणार? अजगराच्या अंगावरून कातीचे जुन्या रंगासारखे पोपडे लोंबत होते. तास-दीड तास काका त्याला कोमट ओल्या पंच्यातून हळूहळू सरकवत राहिले. अंग मोकळं झालं. उजव्या डोळ्यावरची ढगाळ टिकली मात्र राहिली.

"चिमट्याने काढू?"

"हात लावू नकोस. डोळा जाईल. आता पुढच्या कातीपर्यंत थांबायचं."

"काका, दोन शिव्या तरी द्या."

"पहिल्याच महिन्यात मीही वात सुकवली होती," ते म्हणाले. "पाळीभर सूत तुटत होतं आणि मी तक्ता नाचवत होतो. मुकादमाने हाकललं नाही. दुसऱ्या दिवशी परत तिथेच उभं केलं. उद्या सात वाजता ये."

दीड महिना मी रोज सकाळी सातला वर गेलो. वाटी भरायची, वातीला बोट लावायचं, गोणपाट भिजवायचं आणि आकडे मोठ्याने सांगायचे. काका खाकी शर्ट घालून, दाढी करून तयार असत. काकू मला म्हणाल्या, "संपानंतर हा शर्ट आताच बाहेर निघालाय."

मग एका सकाळी कात अखंड निघाली. काकांनी ती खिडकीपाशी उजेडात धरली. डोक्याच्या जागी दोन पारदर्शक टिकल्या होत्या, उजवी जराशी जाड. शटरमधून दोन काळेभोर डोळे आमच्याकडे बघत होते.

"झालं," काका म्हणाले, आणि शर्टाचं वरचं बटण काढू लागले. "उद्यापासून नाही आलास तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी सातला पाच कमी असताना मी दार वाजवलं.