शेंदराच्या पुडीतलं शेवटचं पान

लिंबागणेशला देवळाकडे वळताना सिद्धारामअप्पांचं दुकान लागतं. नारळ, अगरबत्ती, अष्टगंध, शेंदूर, कापसाच्या वाती, एवढाच माल. मात्र मागच्या फळीवर, नारळाच्या पोत्यांच्या वर, पुस्तकांचे नुसतेच पुठ्ठे ओळीने उभे असतात. एक सोडलं तर कुणाच्याच आत पान नाही. नवखं गिऱ्हाईक विचारतं, हे कशाला ठेवलंय? अप्पा कपाळावरच्या विभूतीला धक्का न लावता घाम पुसतात आणि म्हणतात, ‘‘पानं लोकांनी नेली. पुठ्ठे माझे.’’

अप्पांच्या दुकानात प्लास्टिकची पिशवी चालत नाही. शेंदूर कागदाच्याच पुडीत. कागद येतो बीडहून, रामकिसन रद्दीवाल्याच्या टेम्पोतून. त्यात क्लासवाल्या पोरांची जुनी गाईडं जास्त, पण मधूनच कुणाच्या तरी घरचं कपाट रिकामं झालेलं असतं आणि खरी पुस्तकं निघतात. अप्पा सातवी शिकलेले. त्यांचा नेम असा, की वाचल्याशिवाय पुस्तक फाडायचं नाही. बैठकीच्या डाव्या हाताला न वाचलेली, उजव्या हाताला वाचलेली. वाचून झालं की पुस्तक कपाळाला लावायचं, पुठ्ठा सोडवायचा, पुठ्ठ्याच्या आतल्या कोऱ्या बाजूला आपलं मत लिहायचं आणि मगच पानं पट्टी धरून आडवी अर्धी करायची. फाडायला सुरुवात मागून, कारण पुढच्या पानांवर देवाची, नाहीतर कुणाच्या आईबापाची नावं असतात. ती शेवटी बाजूला काढून नदीला सोडायची.

पुस्तकाचं नाव बहुधा फाटून गेलेलं असे. मग अप्पाच ठेवत. ‘टपालाचं पुस्तक’ म्हणजे निजामाच्या काळातल्या डाकेचा इतिहास. त्याच्या पुठ्ठ्यावर त्यांनी लिहिलंय: ‘हरकारा रानावनातून पळत पत्र पोचवायचा. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. हे एका ओळीत सांगून लेखक पुढं गेला. मी त्या ओळीवर दोन दिवस थांबलो.’ एका जाडजूड कादंबरीच्या पुठ्ठ्यावर: ‘यातली माणसं लई बोलतात. चारशे पानांत चहा एकदाच झाला.’ आणि दुसरीच्या: ‘सगळं खोटं आहे हे ठाऊक असून आज दुकान तासभर उशिरा उघडलं. लिहिणाऱ्याच्या हाताला काय म्हणावं.’

पण हे सगळं ज्यांच्यासाठी चालायचं त्या गंगासागर, अप्पांची बायको. त्यांना अक्षरओळख नाही. दुपारी गर्दी ओसरली की त्या दुकानात येऊन पोत्याला टेकून वाती वळायच्या आणि अप्पा त्यांना सकाळी वाचलेलं सांगायचे. आवडलं तर वात लांब वळली जायची. नाही आवडलं तर त्या मधेच उठून दूध तापवायला जात. अप्पांच्या पुठ्ठ्यावरच्या मतांत निम्मी मतं त्या वातींची होती, पण हे त्यांनी कुठे लिहिलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात टेम्पोतून ‘नर्सबाईंचं पुस्तक’ आलं. कुणा सरकारी नर्सने निवृत्त झाल्यावर स्वतः छापलेलं आत्मचरित्र, पातळसं. नर्सबाईंनी शिरूरच्या पलीकडच्या वाड्यांवर नोकरीची उमर घालवली होती. पुस्तकाच्या मध्यावर त्यांनी आपली एक चूक सांगितली होती. एका उन्हाळ्यात, भर दुपारी, कळा सुरू झालेली बाई तीन कोस चालत दवाखान्यात आली. नर्सबाईंना बहिणीच्या लग्नाला निघायची घाई. त्यांनी तपासल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, ‘अजून वेळ आहे, उद्या ये.’ बाई आली तशी परत फिरली. एसटीत बसल्यावर नर्सबाईंना उमगलं, की त्या बाईला परतही तीन कोस चालायचं होतं. नाव विचारायचं राहिलं होतं. लक्षात राहिलं ते मनगटावर गोंदलेला विंचू. पुढची कैक वर्षं त्या जिथे जातील तिथे बायकांची मनगटं बघत राहिल्या.

गंगासागरबाईंच्या वाती त्या आठवड्यात हातभर लांब होत होत्या.

अंगारकीच्या आदल्या दिवशी अप्पा एकशे बेचाळिसाव्या पानापर्यंत आले. त्याची शेवटची ओळ अशी: ‘एका वाडीवर दारात एक बाई धान्य निवडत बसली होती. तिच्या मनगटावर विंचू होता. मी’. उरलेली पानं सणाची गर्दी ओसरल्यावर वाचू म्हणून त्यांनी पुस्तक डावीकडे ठेवलं. आणि इथेच घोटाळा झाला. अंगारकीसाठी जादा नारळ आले, पोती ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच डावीकडची चळत उजवीकडे सरकवली. दुसऱ्या दिवशी दुकानावर सून शिवांजली बसली होती. उजवीकडचं म्हणजे वाचलेलं, हे तिला पाठ. पुठ्ठा अजून सोडवलेला नाही, हे गर्दीत तिच्या लक्षात आलं नाही. दिवसभरात तिने शेवटची नऊ पानं फाडून अठरा पुड्या बांधल्या.

अप्पांनी पुस्तक हातात घेतलं तेव्हा मागचा पुठ्ठा मोकळा लोंबत होता. शिवांजली घाबरली, पण म्हणाली ते खरंच होतं. ‘‘मामा, तुमीच शिकवलं, उजवीकडचं घे आन मागून फाड.’’

दुसऱ्या दुपारी गंगासागरबाई वाती घेऊन बसल्या. अप्पांना सांगवेना, की पुस्तक आपल्याच दुकानातून पुड्या होऊन गेलं. मग त्यांनी शेवट रचला. नर्सबाईंनी त्या बाईचे पाय धरले, दोघी रडल्या, आतून एक तरणाबांड मुलगा आला, तो डॉक्टर झाला होता. अप्पांना स्वतःलाच ऐकताना बरं वाटत होतं. गंगासागरबाईंनी हातातली वात तशीच खाली ठेवली.

‘‘हे त्या बाईनं लिवलेलं न्हाई. हे तुमी केलंय.’’

अप्पांनी विचारलं, कशावरून?

‘‘ती आख्ख्या पुस्तकात कुटं रडली न्हाई. आता शेवटी कावून रडंल?’’

अप्पा बायकोकडे बघत राहिले. बेचाळीस वर्षांचा संसार. या बाईला ‘क’ ओळखता येत नाही, आणि न पाहिलेल्या माणसाचा आवाज ती असा ओळखते, जशी वासावरून दूध लागलेलं ओळखावं. त्यांनी कबूल केलं आणि पुड्यांचा शोध सुरू केला.

शोधाला आधार एकच होता. देवळाजवळून नेलेला शेंदूर बहुतेक बायका पुडीसकट देवघरात ठेवत. कागद टाकून देत नसत. आणि शिवांजली मागून फाडत आली होती, म्हणजे एकशे त्रेचाळिसावं पान, जे हवं होतं, ते सगळ्यांत शेवटी फाटलं असणार. शेवटची दोन गिऱ्हाइकं कोण? शिवांजलीला बरोबर आठवलं. बंकट रिक्षावाला आणि त्याच्या रिक्षात बसून स्टँडवर गेलेली शिरूर कासारची छबुबाई.

बंकटची पुडी रिक्षाच्या आरशामागे खोचलेली होती. अप्पांनी मागितली तर तो म्हणाला, ‘‘अप्पा, देवाचा शेंदूर वापस मागायलेत व्हय? दुकान लईच बसलं वाटतं.’’ अप्पांनी त्याला दुप्पट शेंदूर दुसऱ्या कागदात बांधून दिला आणि वरचं अर्धं पान घरी आणलं. मागची बाजू कोरी होती, म्हणजे नर्सबाईंची गोष्ट याच पानावर संपत होती; त्यामागची फाटलेली पानं आभारांची नाहीतर जाहिरातींची असणार. नर्सबाई आपली ओळख न सांगता ओट्यावर बसल्या. बाईने पाणी दिलं, भाकरी वाढली. पोराबाळांचं विचारायचं धाडस नर्सबाईंना होईना. दोन तास झाले, त्या उठल्या. इथे कागद संपला.

‘‘रडली का?’’ गंगासागरबाईंनी विचारलं. अप्पा म्हणाले, नाही. बाईंनी समाधानाने मान हलवली आणि विचारलं, ‘‘शिरूरची एसटी कवा हाय?’’

अप्पा बीडला गाडी बदलून शिरूरला गेले. छबुबाईचं घर शोधायला वेळ लागला नाही. तिने चहा ठेवला, पुडी देवघरात आहे म्हणून दाखवलीही, पण सोडायला तयार होईना. तिची सून वनमाला नऊ महिन्यांची पोटुशी होती. मागे एकदा पोटातलं गेलेलं. सून सुखरूप मोकळी होईपर्यंत पुडी बांधलेलीच ठेवायची, असं ती देवापुढे बोलली होती. अप्पांनी तिला पुस्तकातली गोष्ट सांगितली. वाटलं, ऐकून मन वळेल. झालं उलटंच. छबुबाईचा हात कपावरच थांबला.

‘‘म्हंजी ती बाई जगली, पर तिचं लेकरू जगलं का मेलं, ते ह्या पुडीत हाय?’’

अप्पा हो म्हणाले, आणि म्हणतानाच त्यांना उमगलं आपण काय करून बसलोय. आजवर किती पुड्या बांधल्या. कागदावर काय आहे हे घेणाऱ्याने वाचायचं नसतं, म्हणून ते नसल्यासारखंच असतं, असं ते धरून चालले होते. आता दाराआडून वनमाला ऐकत उभी होती, आणि तिच्यासाठी ठेवलेल्या शेंदराभोवती दुसऱ्या कुणाच्या बाळंतपणाचा निकाल गुंडाळलेला होता. वाईट असेल तर?

छबुबाई शांतपणे म्हणाली, की आता तर मुळीच सोडणार नाही. टाकणारही नाही, देवापुढचं आहे. अप्पांनी हात जोडले आणि रिकाम्या हाताने परत आले. एसटीत त्यांना तो हरकारा आठवत राहिला. पिशवीत काय आहे हे ठाऊक नसताना पळायचं. पोचवल्यावर त्या घरात हसू येईल की रडं, हेही ठाऊक नाही.

गंगासागरबाईंनी सगळं ऐकलं. त्या दिवसापासून त्यांनी वनमालेच्या नावाची एक वात वेगळी वळायला सुरुवात केली. दुकानात नवं पुस्तक आलं, अप्पांनी उघडलं नाही. सतरा दिवस अप्पांच्या पुठ्ठ्यांवर काही लिहिलं गेलं नाही.

अठराव्या दिवशी सकाळी दुकानातला फोन वाजला. छबुबाई.

‘‘पोरगी झाली. दोगी चांगल्या हायत. या, पुडी सोडते.’’

अप्पा पोचले तेव्हा वनमाला दवाखान्यातून यायची होती. छबुबाईने हात धुतले, शेंदूर वाटीत ओतला, कागद देवापुढे झटकला आणि अप्पांच्या हातात दिला. अप्पांनी घरी फोन लावला. शिवांजलीने तिकडे फोन गंगासागरबाईंच्या कानाशी धरला. अक्षरांवर शेंदूर चढला होता. अप्पा बोटाने एकेक ओळ मोकळी करत वाचू लागले.

‘मी पिशवी उचलली, तेवढ्यात आतून एक मुलगी रिकामा तांब्या न्यायला आली. तिचं वय मी मनातल्या मनात मोजलं. ते बरोबर त्या उन्हाळ्यापर्यंत मागे जात होतं. तिच्या आईने आपल्याला ओळखलं नाही, या आधारावर मी उंबऱ्यापर्यंत आले. मागून ती बाई म्हणाली, बाई, कुठं निघालात उन्हाचं? अजून वेळ हाय, उद्या जा. मी वळून बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. मी पिशवी खाली ठेवली. त्या रात्री मी तिथे राहिले.’

त्याखाली काही नव्हतं.

अप्पांनी तो शेवट पुन्हा एकदा मनात वाचला. साठ-सत्तर पानांचं ओझं वाहून आणून एक माणूस ते चार शब्दांत असं अलगद उतरवतं. आणि ते लिहिणारी एक साधी नर्स, जिने आयुष्यात हे एकच पुस्तक लिहिलं, आणि जिचं पुस्तक कुणीतरी रद्दीत घातलं.  फोनमधून गंगासागरबाई म्हणाल्या,

‘‘हां. हे तिनंच लिवलंय.’’

छबुबाई पदराने डोळे टिपत होती. अप्पांनी कागद घडी करून खिशात घालायला नेला, तर तिने हात पुढे केला. अप्पा म्हणाले, पुस्तक जोडून ठेवायचंय, तुम्हाला शेंदूर नवा देतो.

‘‘शेंदूर न्हाई मागत. कागद हितं ठिवा. पोरगी वाचायला लागली की वाचंल.’’

तिने वाटीतला शेंदूर पुन्हा त्याच कागदात घातला, आधीच्याच घड्यांवर घड्या घातल्या आणि पुडी देवामागे ठेवली.

नर्सबाईंचं पुस्तक अप्पांनी पुढे फाडलं नाही. अर्ध्या पानाला चिकटपट्टी लावून ते मागच्या फळीवर पुठ्ठ्यांच्या ओळीत ठेवलंय, आणि त्या ओळीत पानं असलेलं तेवढं एकच आहे. पुठ्ठ्याच्या आत अप्पांच्या अक्षरात लिहिलंय: ‘शेवट शिरूर कासारला छबुबाईंच्या देवघरात आहे. मत गंगासागर यांचं: हे तिनंच लिहिलंय.’